दोन स्पीकर, एक सबवूफर आणि दहा बाय पंधराचा हॉल

नवा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा खोका, घरी आला की पहिल्या संध्याकाळी सगळे एकच करतात. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात जागा असते तिथे तो ठेवायचा, मागची व्हॉल्यूमची खुंटी पार उजवीकडे फिरवायची आणि घरच्यांना हाक मारायची, "ऐका, काय दणका आहे!" मीही तेच केलं होतं. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. "अहो, रात्री तुमच्याकडे गिरणी चालू असते का?" खोचकपणा नव्हता, बाईंना खरंच प्रश्न पडला होता. घरी येऊन मी पुन्हा कान देऊन ऐकलं. डग्गा कुठला, ढोलक कुठला, बेस गिटार कुठली, काही कळत नव्हतं. सगळ्याचं मिळून पीठ झालं होतं.

तेव्हापासून स्वतःच्या आणि नात्यागोत्यातल्या बऱ्याच घरांत ही जोडणी करून झाली. त्यातून बनलेलं माझं मत एवढंच: सब नीट लागला की तो खोलीत आहे हे विसरायला होतं, बंद केला की मात्र चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. तिथवर पोचायला एक रिकामा रविवार, मोजपट्टी आणि मदतीला एक माणूस लागतो. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी जागा, मग वायरी, खुंट्या सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट्या क्रमाने जातात.

उदाहरणाला आपला नेहमीचा फ्लॅट घेऊ. हॉल १० बाय १५ फूट, छत साडेनऊ फुटांवर, खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूने पॅसेज उघडा. सामान म्हणजे दोन बुकशेल्फ स्पीकर, एक ॲम्प किंवा रिसिव्हर (म्हणजे मेनू आणि सिनेमाच्या सोयी असलेला ॲम्प) आणि स्वतःची वीज घेणारा एक सब. पाच स्पीकरांचा संच घ्यावा का, असं नवखे विचारतात. एवढ्या हॉलमध्ये त्याच पैशांत दोन चांगले स्पीकर आणि एक बरा सब घ्या, असं मी सांगतो. मागचे स्पीकर पुढे कधीही जोडता येतात.

पायरी १: आधी सोफा, मग स्पीकर

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांच्या, सुराची एक लाट म्हणजे साडेआठ मीटर, जवळजवळ २८ फूट. आपला हॉल १५ फुटांचा. म्हणजे ही लाट खोलीत मावतच नाही. भिंतींवर आपटून परत येते आणि स्वतःवरच चढते. प्रत्येक खोलीचे असे काही ठरलेले सूर असतात, जे ती स्वतः फुगवते. १५ फुटांच्या लांबीला तो ३७-३८ हर्ट्झच्या आसपास पडतो, १० फुटांच्या रुंदीला ५६, साडेनऊ फुटांच्या उंचीला ५९. शेवटचे दोन आकडे पाहा. आपल्या फ्लॅटांत रुंदी आणि उंची जवळपास सारखी असते, त्यामुळे दोन्हींचा फुगवटा एकाच ठिकाणी येऊन बसतो. बेस गिटारची ए तार मोकळी छेडली की ५५ हर्ट्झ निघतात. तो सूर आला की वादक राहिला बाजूला, हॉलच गायला लागतो.

हा फुगवटा भिंतीला लागून सर्वांत जास्त असतो. खोलीच्या बरोबर मध्यावर मात्र काही सूर जवळजवळ गायब होतात. म्हणून डोकं मागच्या भिंतीला टेकेल असा सोफा ठेवू नका आणि अगदी मध्यावरही बसू नका. मागच्या भिंतीपासून लांबीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे इथे पाच फुटांवर, बेस बऱ्यापैकी समतोल मिळतो. आता सोफा पाच फूट पुढे ओढायला घरचे परवानगी देणार नाहीत, मलाही मिळाली नव्हती. दीड फुटावर तडजोड झाली. पण त्या दीड फुटाने जो फरक पडला, तो सब बदलूनही पडला नसता.

पायरी २: दोन स्पीकरांचा त्रिकोण

तुमचं डोकं आणि दोन स्पीकर, या तीन बिंदूंचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकर एकमेकांपासून सहा फुटांवर असतील तर तुम्हीही प्रत्येकापासून सहा-साडेसहा फुटांवर. आपल्या हॉलमध्ये तुम्ही थोडे लांब, आठ-नऊ फुटांवर, बसाल. चालेल, स्पीकर मात्र शक्य तेवढे लांब लांब ठेवा. ट्वीटर, म्हणजे वरचा छोटा गोल, बसल्यावर तुमच्या कानाच्या उंचीला आला पाहिजे. साध्या सोफ्यावर ती उंची जमिनीपासून तीन फुटांच्या थोडी वर येते. मोजा, अंदाज करू नका.

शोकेसच्या कप्प्यात स्पीकर खुपसून ठेवणं ही आपल्याकडची जुनी खोड. कप्प्यात ठेवलाच तर तोंड कप्प्याच्या कडेपर्यंत बाहेर ओढा, नाहीतर आवाज खोक्यातून आल्यासारखा येतो. मागे भोक असलेले स्पीकर भिंतीपासून निदान फूटभर पुढे हवेत. तेवढीही जागा नसेल तर त्या भोकात स्पीकरसोबत आलेला फोमचा बोळा घाला. तो नसेल तर गुंडाळलेला मोजा हलकेच बसवला तरी काम होतं. यात विनोद काही नाही, मी दोन वर्षं तसाच ऐकत होतो.

तोंडं किंचित आत, तुमच्याकडे वळवा. मग एखादं एकट्या गळ्याचं गाणं लावून डोळे मिटा. गळा दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, रिकाम्या हवेतून आला पाहिजे. एका बाजूला झुकत असेल तर मोजपट्टी पुन्हा काढा. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडा पॅसेज असेल तर आवाज भिंतीकडे झुकणारच. तो ॲम्पच्या बॅलन्सने एखादा काटा सरकवून भागवावा लागतो.

फरशीबद्दल एकच. स्पीकर आणि सोफा यांच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा अंथरा. टाळी वाजवली की जी चिरचिरीत झणझण येते, ती निम्म्याने कमी होईल. बाजूच्या भिंतीसाठी आरशाची युक्ती करा. तुम्ही जागेवर बसा आणि कुणाला तरी भिंतीला धरून हातआरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथे पडदा किंवा पुस्तकांचं कपाट हवं. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला अजून फिरतो. बेसवर त्यांचा काडीचा परिणाम होत नाही आणि पुठ्ठा पेट घेतो ते वेगळंच.

पायरी ३: वायर, लाल आणि काळी

इथे पैसे घालवू नका. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला साधी तांब्याची दोन पदरी स्पीकर वायर मीटरवर मिळते. इलेक्ट्रिशियन जिला 'दीडची' म्हणतात, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, ती पाच मीटरपर्यंत पुष्कळ झाली. जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याचा अडथळा ०.१३ ओहमच्या आसपास भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो किस झाड की पत्ती! अंतर जास्त असेल किंवा स्पीकर चार ओहमचे असतील तर 'अडीचची' घ्या. हजारो रुपये मीटरची वायर विकणारे भेटतील. त्यांना चहा पाजा, वायर घेऊ नका.

ॲम्पची पिन सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरचं टोक सेंटीमीटरभर सोला, तारा घट्ट पिळा, एकही केसाएवढी तार बाहेर राहू देऊ नका. लाल आणि काळ्याच्या मध्ये ती तार टेकली की ॲम्प बंद पडतो, कधी कायमचा. ॲम्पच्या लालातून स्पीकरच्या लालात, काळ्यातून काळ्यात. वायरच्या एका पदरावर रेघ असते. ती नेहमी लालाला, असा एकच नियम घरभर ठेवा.

हे उलटसुलट झालं तर काय होतं, त्याचं एक उदाहरण. एका नातेवाइकांच्या नव्या घरात भिंतीतून वायरी आधीच टाकून ठेवल्या होत्या. त्यांची तक्रार एकच, "एवढे महागाचे स्पीकर, पण बेस म्हणून नाही." त्यांनी त्यापायी सब घेतला, मग आणखी मोठा सब घेतला. मी गेलो तेव्हा गळ्याचा आवाज मधून यायचा सोडून खोलीभर पसरलेला वाटत होता, तेव्हाच शंका आली. एका स्पीकरचा लाल-काळा भिंतीतच उलटा झाला होता. एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात होता आणि बेस एकमेकांना खाऊन टाकत होता. पेचकस घेतला, दोन स्क्रू सैल केले, पदर बदलले. पाच मिनिटांचं काम. तीन वर्षं ते तसेच ऐकत होते.

भिंतीतल्या वायरीची शंका आली तर दीड व्होल्टचा साधा सेल घ्या. वायर ॲम्पपासून सोडवा, रेघेच्या पदराला सेलचं अधिक टोक आणि दुसऱ्याला उणे टोक क्षणभर टेकवा. वूफरचा, म्हणजे स्पीकरच्या मोठ्या गोलाचा, पडदा पुढे सरकला तर बरोबर, मागे गेला तर उलटं. क्षणभरच हं, धरून बसू नका.

पायरी ४: सबची जागा रांगत शोधायची

ही पायरी लोक लाजून सोडून देतात आणि सगळ्यात मोठा फरक हीच पाडते.

सब उचला आणि सोफ्यावर, तुम्ही बसता त्याच जागी ठेवा. हो, सोफ्यावर. वायर तेवढी लांब नसेल तर तात्पुरती लांब लावा. बेस गिटार पायऱ्या चढल्यासारखी वर जाते-खाली येते असं एखादं गाणं पुन्हा पुन्हा लावा. मग जिथे जिथे सब ठेवणं शक्य आहे तिथे तिथे, भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत जा. डोकं सबच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून फूटभरावर हवं. चार ठिकाणी चार वेगळे आवाज ऐकू येतील. कोपऱ्यात सगळं फुगलेलं, एखाद्या ठिकाणी अर्धे सूर गायब. जिथे प्रत्येक सूर सारख्याच वजनाने ऐकू येतो, तिथे खडूची खूण करा. आता सब त्या खुणेवर ठेवा आणि तुम्ही सोफ्यावर बसा. ध्वनीला जाणं-येणं सारखंच. सोफ्यावरून तिथे जसा पोचला, तसाच तिथून सोफ्यावर पोचतो.

माझ्या हॉलमध्ये ती जागा दोन स्पीकरांच्या मध्ये नव्हती, कोपऱ्यातही नव्हती. डाव्या भिंतीच्या मध्याच्या जरा पुढे, कुंडी होती तिथे निघाली. कुंडी बाल्कनीत गेली. पहिल्यांदा रांगत होतो तेव्हा धाकटा पाठीवर बसला होता, ती गोष्ट निराळी.

पायरी ५: सबची जोडणी

रिसिव्हरला 'सब आउट' असेल तर तिथून एकच आरसीए वायर सबच्या 'एलएफई' किंवा 'लाइन इन'मध्ये. साध्या स्टिरिओ ॲम्पला ते भोक नसतं. तेव्हा सबला 'हाय लेव्हल' जोडणी आहे का पाहा. असेल तर ॲम्पच्या स्पीकरच्या टर्मिनलांपासूनच आणखी एक वायर सबपर्यंत न्यायची. त्याने ॲम्पवर बोजा पडत नाही, सबचा आवाज त्याची स्वतःची वीज काढते.

पायरी ६: खुंट्या

सबच्या मागे तीन गोष्टी असतात: व्हॉल्यूम, क्रॉसओव्हर, फेज. क्रॉसओव्हर म्हणजे कामाची वाटणी. या आकड्याखालचं सबने करायचं, वरचं स्पीकरने. सिनेमाच्या आवाजासाठी लुकासफिल्ममध्ये १९८३ साली सुरू झालेल्या टीएचएक्सने ८० हर्ट्झ हा आकडा रूढ केला आणि तो घरीही उपयोगी पडतो, कारण त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट सांगता येत नाही.

रिसिव्हर असेल तर ही वाटणी रिसिव्हरमध्येच करा आणि सबवरची क्रॉसओव्हरची खुंटी शेवटपर्यंत वर नेऊन ठेवा, नाहीतर दोनदा गाळणी लागते. रिसिव्हरच्या मेनूत स्पीकर 'स्मॉल' ठरवा. आपले स्पीकर छोटे म्हटल्याने कमीपणा येत नाही. त्याचा अर्थ एवढाच की खालचं ओझं सबकडे पाठवा. क्रॉसओव्हर ८०. त्याच मेनूत 'एलएफईचा एलपीएफ' नावाचा आणखी एक आकडा असतो. तो १२० वरच राहू द्या, तो सिनेमाच्या वेगळ्या बेस ट्रॅकसाठी आहे.

स्टिरिओ ॲम्पवर स्पीकर आपापलं सगळं वाजवत राहतात, त्यामुळे तिथे सबची क्रॉसओव्हरची खुंटी खाली, ५०-६० पासून सुरू करा आणि गरज वाटली तरच वर न्या.

फेजसाठी दोन माणसं लागतात. फोनवरून ८० हर्ट्झचा एकसारखा सूर लावा. स्टिरिओ ॲम्प असेल तर तुम्ही खुंटी जिथे ठेवली असेल त्या आकड्याचा. एकाने सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने फेजचं बटण ० वरून १८० वर न्यायचं. ज्या बाजूला सूर मोठा ऐकू येईल, तीच बरोबर. तिथे सब आणि स्पीकर एका दिशेने ढकलतायत.

रिसिव्हरसोबत छोटा माइक येतो, तो खोली स्वतःच मोजतो. माइक तिकाटण्यावर, कानाच्या उंचीला. हातात धरायचा नाही. पंखा बंद, एसी बंद, कुकर लावलेला नको. आमच्याकडे एकदा ऐन मोजणीत तिसरी शिट्टी झाली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मोजणीनंतर दोनच गोष्टी तपासा. त्याने स्पीकर 'लार्ज' ठरवले असतील तर 'स्मॉल' करा. सबचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवत असेल तर मात्र हात लावू नका. सबच्या आतल्या यंत्रणेत आवाजाला जो वेळ लागतो, तो त्याने अंतरात धरलेला असतो.

पायरी ७: शेवटचा निवाडा तानपुऱ्याचा

सबचा व्हॉल्यूम किती, हे कुठलंही यंत्र पूर्ण बरोबर सांगत नाही. फोनवरची डेसिबल मोजणारी ॲप डावा-उजवा स्पीकर सारखा करायला ठीक. खोल सुरांवर फोनचा माइक कमी पडतो. माझी कसोटी शास्त्रीय संगीताची आहे.

काळी एकला गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर असते. म्हणजे ८० च्या वाटणीत त्या तारेचा मूळ सूर सबकडे जातो, जोडीच्या तारा १३९ हर्ट्झवर स्पीकरकडे राहतात आणि खर्जाचीही वरची सगळी झंकार स्पीकरमध्येच असते. एकाच तारेचे दोन तुकडे, दोन खोक्यांतून. तरी कानाला एकच तार ऐकू आली पाहिजे, दोन स्पीकरांच्या मध्ये. खर्ज वाजताना मान आपोआप सबकडे वळली तर सब मोठा आहे, किंवा क्रॉसओव्हर वर गेलाय. खर्ज नुसतीच झणझणत असेल, खाली पाया नसेल, तर एक काटा वाढवा.

मग तबला. डग्ग्यावर वादक मनगट सरकवतो तेव्हा सूर खालून वर चढतो. तो चढ सलग ऐकू यायला हवा. मध्येच एका जागी 'बुम्' करून फुगला तर तो खोलीचा सूर आहे, पायरी १ चा. सब वीतभर सरकवून पाहा. डग्ग्याचा घुमारा तालात थांबतो की नाही, तेही ऐका. थाप संपल्यावरही घुं घुं चालू राहिलं तर व्हॉल्यूम कमी करा.

रोज जेवढ्या आवाजात ऐकता तेवढ्यातच हे करा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज कमी झाला की कानाला खालचे सूर वरच्यांपेक्षा जास्त वेगाने ऐकू येईनासे होतात. दुपारी मोठ्याने लावून ठरवलेला सब रात्री हळू आवाजात पुचाट वाटतो तो त्यामुळेच.

घरघर, खणखण आणि शेजारी

सबमधून सतत 'हं…' असा आवाज येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची गोल वायर आधी काढून पाहा. बहुतेक वेळा गुन्हेगार तीच निघते. मग ॲम्प आणि सब एकाच बोर्डावर लावून पाहा. अर्थिंगची जाड पिन तोडून घरघर घालवणारे महाभाग आहेत. तसं करू नका, शॉक बसेल तेव्हा सब वाचवायला येणार नाही.

खणखण येत असेल तर २० पासून १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावा आणि हॉलमध्ये फिरा. आमच्याकडे ४३ च्या आसपास शोकेसमधले सहा काचेचे पेले एकमेकांशी बोलायला लागले. पुढे खिडकीची सरकती काच आणि सगळ्यात शेवटी सबच्या स्वतःच्या भोकात सापडलेल्या दोन गोट्या.

खालच्या काकूंसाठी मी जाड रबरी चटई, तिच्यावर कडप्प्याचा तुकडा आणि त्यावर सब असं केलं. फरशीत उतरणारी थरथर त्याने कमी होते. हवेतून स्लॅबपार जाणारा बेस मात्र कुठलीही चटई अडवत नाही, त्याला व्हॉल्यूम कमी करणं हाच इलाज. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र दहा ते सहा. खासगी जागेतल्या यंत्राचा आवाज हद्दीवर त्या मर्यादेच्या पाच डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. हे मोजायला कुणी येत नाही, पण दहानंतर माझा सब बंद असतो. रिसिव्हरमध्ये 'नाइट मोड' असतो, तोही वापरा.

सगळं जमलं की सबच्या चारही पायांभोवती फरशीवर पांढरी टेप लावा. फरशी पुसायला येणाऱ्या मावशी रोज तो चार बोटं सरकवतात आणि दिवाळीच्या साफसफाईत तर तो थेट कोपऱ्यात जाऊन बसतो. गेल्या वर्षी भाऊबीजेला पाहुण्यांसमोर गाणं लावलं आणि पहिल्याच थापेला गिरणी सुरू झाली. टेप अजून फरशीवर होती, सब तिथून सहा फूट लांब.